भोवऱ्याच्या तोंडातली कडी

१

उस्ताद भोवऱ्याच्या ठाणात पालथे पडलेले सापडले. डोक्याची मागची बाजू फुटलेली, अंगाखालचं गवत भिजलेलं, आणि भोवरा कोपऱ्यात उभा राहून तोंडातली लोखंडी कडी निवांत चघळत होता. भोवरा म्हणजे पाठीवर अजून कुणालाच न घेतलेलं एक तरणं शिंगरू. उस्ताद म्हणजे असली शिंगरं वळणावर आणण्यात ज्यांचा जन्म गेला ते चाबुकस्वार. आत दोघंच, दार नुसतं लोटलेलं. पोलीस आले, त्यांचे डॉक्टर आले, सगळ्यांनी मिळून ‘लाथ’ असं ठरवलं आणि चहा पिऊन गेले.

त्यावर मालकाने आपला निकाल जोडला. माणूस मारलेलं जनावर तबेल्यात ठेवायचं नाही. उद्या संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर सुई घेऊन येतील आणि विषय संपेल.

उस्तादांची बहीण अंत्यविधीला आली होती, ती पिशवी भरून परत निघाली होती. बाई पोलिसातून फौजदार म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे सगळे तिला फौजदार आत्याच म्हणत. बोलणं मोजकं, चेहरा कोरा. भाऊ गेला तरी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस नाही, यावरून नातेवाइकांत कुजबुजही झाली होती. ती फाटकापाशी पोचते न पोचते तोच उस्तादांची लेक धावत आली आणि तिने आत्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

“आत्या, थांब. भोवऱ्याने नाही मारलं.”

“पोरी, तू तेव्हा इथे होतीस का?”

“नव्हते. पंधरवडाभर दुसऱ्या तबेल्यावर कामाला गेले होते. त्या दिवशी दुपारी परतले आणि मलाच सापडले बाबा. पण तो रात्री जन्मला तेव्हा त्याला मी पुसलाय. आई वाचली नाही त्याची, बाटलीने दूध पाजलंय. तो लाथ मारणाऱ्यातला नाही गं.”

“प्रत्येक खुन्याची आई मला हेच सांगायची,” आत्या म्हणाली. “आणि मला घोड्यांतलं काडीचं कळत नाही.”

“माणसांतलं कळतं ना? तेवढं बघ. बाबा गेले, ते काही परत येत नाहीत. पण त्याला उद्या मारतील आणि मला ते बघावं लागेल. नाही सहन होणार मला.”

आत्याने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिने पिशवी परत घेतली नाही. ती नुसती म्हणाली, “आधी ती कडी दाखव.”

२

ठाणाला लागूनच सामानघर होतं. खोगिरं, पट्टे, ब्रश, तेलाचे डबे, मधोमध खोगीर ठेवायचा ओतीव लोखंडाचा जड घोडा, आणि समोरची सबंध भिंत जुन्या कड्यांनी भरलेली. लगामाची कडी म्हणजे घोड्याच्या तोंडात जिभेवर आडवा बसतो तो लोखंडी दांडा. एवढ्याशा वस्तूचे माणसाने किती प्रकार करावेत! सांध्याच्या, पिळाच्या, साखळीच्या, काही तर चक्क काटेरी. त्या पाहून आत्याला आपल्या खात्यातले एक-दोन जुने साहेब आठवले.

“त्या काटेरी बाबांनी कधीच वापरल्या नाहीत,” लेक म्हणाली. “लोक पूर्वी काय करायचे ते कळावं म्हणून लावून ठेवल्यात. वापरायचे ती ही एकच.”

तिने फडक्यातून एक कडी काढली. गंजून तपकिरी झालेली, मधोमध तीन छोटे लोखंडी लोलक लोंबणारी.

“ही पोरांची कडी. शिंगराला पहिल्यांदा हीच लावायची, लगाम न जोडता. मग ते जिभेने लोलकांशी खेळत बसतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि लोखंडाची भीती जाते. बाबांना ही त्यांच्या उस्तादाने दिली, त्यांना त्यांच्या उस्तादाने. किती जुनी आहे देव जाणे.”

“घासूनपुसून का ठेवत नाही?”

“छे! हा गंज शिंगरांना गोड लागतो. कुणी घासली असती तर बाबांनी त्याला घासला असता.” लेक हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. “त्यांचे नियम फार असायचे. पहिली कडी लावताना जवळ कुणी थांबायचं नाही, दार लोटून घ्यायचं. कडी आधी तळहातात धरून ऊब द्यायची. शिंगरू उपाशी नको, तोंडात जखम नको, दात हलत असला तर महिनाभर कडी भिंतीवरच. मालक म्हणायचे, उस्तादांच्या मुहूर्तापायी माझी घोडी म्हातारी होतील.”

आत्या कडी उलटसुलट करून पाहत होती. एका टोकाला मऊ चामड्याची पट्टी नीट गुंडाळून शिवली होती. दुसरं टोक उघडंच.

“हे काय?”

“मऊ लागावं म्हणून. बाबा शिंगरांचे असे लाड करायचे. तोंडातून काढताना मी बघितलं आणि मला रडूच आलं.”

“लाड एकाच बाजूचे?”

लेकीने खांदे उडवले. “उजव्या गालाकडचं टोक आहे ते. दुसरीकडचं करायचं राहिलं असेल.”

आत्याने कडी फडक्यात गुंडाळली आणि लेकीच्या हातातल्या आपल्या पिशवीत टाकली. मग ती ठाणात डोकावली. भोवऱ्याने तिच्याकडे पाहून कान टवकारले, तशी ती दोन पावलं मागे सरली. दाराशी बादली होती, तळाशी भिजवलेल्या दाण्यांचा लगदा.

“याला हेच खायला देता? बाकीच्यांच्या बादल्यांत तर कोरडा दाणा दिसला.”

“कोरडाच द्यायचा असतो,” लेक बुचकळ्यात पडून म्हणाली. “हे कुणी सुरू केलं मला ठाऊक नाही.”

३

मालक ऑफिसात बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. तो बसलेला असतानाही उठल्यासारखा वाटे.

“तुमच्या भावाबद्दल मला आदर आहे बाई. पण खरं सांगू का, वर्षभर आमची धुसफूस चालूच होती. मला घोडी लवकर तयार हवीत, त्यांना आणखी एक महिना हवा. नेहमी आणखी एक महिना!”

“त्या दुपारी तुम्ही ठाणाकडे गेला होता?”

“मी ठाणात पाय ठेवत नाही. बाहेरून बघतो. घोडी माझी आहेत, पण मला चावतात.”

“मग त्यांना काढून टाकायचा विचार होता?”

“होता,” मालक सरळ म्हणाले. “पण त्यांच्यानंतर कोण हा प्रश्न होता. त्यांचा जुना चेला आहे इथे, त्याला नेमावं असं माझं मत. उस्ताद म्हणाले, परवा सांगतो. त्या परवाच्या आधीच हे झालं.”

दुसरा माणूस होता जुन्या वस्तूंचा व्यापारी. त्या दिवशी दुपारी त्याची गाडी फाटकापाशी उभी असल्याचं चार जणांनी पाहिलं होतं. आत्या त्याच्या दुकानात गेली तेव्हा तो एका घड्याळाची धूळ झटकत होता.

“हो, गेलो होतो. लपवायचं काय त्यात? सबंध भिंत मागितली, वर ती लोलकांची कडीही. उस्तादांनी चहा पाजला आणि हात जोडले. म्हणाले, भिंत माझी नाही, लेकीची आहे. कडीही तिचीच आणि कामही तिचंच. मालकांना उद्याच सांगणार आहे.”

“हे बोलणं तुम्हा दोघांतच झालं?”

“तसं दोघांतच. चहा आणून दिला त्या चेल्याने, तो होता तिथे. मी म्हटलं, बघा, पुढेमागे विचार बदलला तर. आणि निघालो.” व्यापारी थांबला. “बाई, माझ्यावर संशय आहे का तुमचा?”

“अजून कुणावरच नाही,” आत्या म्हणाली. “ती कडी हवी होती ना तुम्हाला? मग ती घोड्याच्या तोंडात सोडून तुम्ही कशाला जाल?”

व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला. बाहेर पडताना मात्र आत्याच्या मनात वेगळंच घोळत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ती जागा तिला अजून सापडत नव्हती.

४

मोतद्दार म्हणजे घोड्यांची चाकरी करणारा. इथला मोतद्दार तोंडाचा इतका मोकळा की त्याला प्रश्न विचारण्यापेक्षा थांबवणं अवघड.

“मी झोपलो होतो बाईसाहेब. दुपारी सगळा तबेला झोपतो, घोडीसुद्धा. उस्ताद तेवढे जागे असायचे, आणि चेले. चेले म्हणजे बिचारे! केस पिकले, गुडघे गेले, तरी सगळे चेलेच म्हणतात. आमच्या नातवंडांनासुद्धा तेच नाव माहीत.”

“भोवऱ्याला भिजवलेला दाणा कोण देतं?”

“मीच देतो. चेल्यांनी सांगितलं, त्याला उष्णता झालीये, चार दिवस मऊ दे. मी म्हटलं देतो. मला काय, दाणा भिजवायला हात थोडेच झिजतात!”

“तोंड उघडून बघितलंस का त्याचं?”

“मी? हात जागेवर हवेत मला! तो तोंडात हात घालू देतो तो तिघांनाच. तुमची भाची म्हणजे आमच्या ताई, उस्ताद आणि चेले. ताई तर गावाला होत्या.”

चेला विहिरीपाशी पट्ट्यांना तेल लावत बसला होता. आत्याला बघून उठला, स्वतःचं बसायचं स्टूल फडक्याने पुसून तिला दिलं. खांदे रुंद, आवाज मऊ. उस्तादांच्या लेकीला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते यानेच. ती त्याला काका म्हणे.

“ताई, तुम्ही मालकांना समजवा हो,” तो स्वतःच म्हणाला. “मी दोनदा पाया पडून आलो. जनावराचा काय दोष? अपघात तो अपघात. शिंगराला का मारायचं?”

“माझा दादा पाठमोरा उभा होता म्हणे.”

“असेल. कडी लावून मागे वळले असतील, तेवढ्यात ते बुजलं असेल. वय झालं होतं त्यांचं.”

“तुम्ही हल्ली भोवऱ्याजवळ जात होता?”

चेल्याने तेलाचं फडकं घडी घालून ठेवलं. “नाही. उस्तादांनी सांगून ठेवलं होतं, हे शिंगरू माझं आणि पोरीचं, तू दुसरी बघ. त्यामुळे महिनाभर मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही.”

“वाईट वाटलं असेल.”

“गुरूचा शब्द,” चेला म्हणाला आणि पुन्हा पट्टा घेऊन बसला.

आत्या तिथून उठली तेव्हा तिला तो माणूस मनापासून आवडला होता. आपल्याला कुणी आवडलं की आपण नीट बघत नाही, हे तिला नोकरीतल्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती फाटकाकडे न जाता परत ठाणाकडे वळली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच जनावरांचे डॉक्टर भोवऱ्याला तपासायला आले. त्याला पिसाळायचा रोग वगैरे नव्हता ना, एवढं संध्याकाळच्या आधी बघायचं होतं. लेकीने त्याचं डोकं धरलं, डॉक्टरांनी ओठ वर केला, गालात बोटं घातली, आणि “अरेच्चा!” म्हणून हात बाहेर काढला.

तळहातावर एक झिजलेला दुधाचा दात होता.

“उजवीकडची दाढ. नुसती लोंबत होती, हात लागताच आली. हिरडी सुजलीये बघा. आठवडाभर तरी हलत असणार. बिचाऱ्याला चावताना भलतंच दुखलं असेल.”

“बाहेरून दिसतं का हे?” आत्याने विचारलं.

“छे, अगदी आत आहे. मुद्दाम बोट घालून चाचपल्याशिवाय कळणार नाही.”

लेक भोवऱ्याच्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबांना ठाऊक असणार. म्हणून तर त्यांनी त्या बाजूला चामडं लावलं.”

आत्या पालथ्या बादलीवर मटकन बसली. “पोरी,” ती म्हणाली, “तू काय बोललीस ते तुला कळलं का?”

“काय?”

“काही नाही. संध्याकाळी सगळ्यांना सामानघरात बोलाव. मालकांना माझा निरोप सांग, डॉक्टरांना येऊ द्या, पण मला आधी बोलायचंय.”

लेक गेली. आत्या तिथेच बसून राहिली. जे सापडलं होतं ते सांगितलं तर पोरीचं शिंगरू कदाचित वाचणार होतं, पण बापामागे उरलेलं एकुलतं एक मायेचं माणूस जाणार होतं. गप्प बसावं का, असा विचार तिच्या मनात आला. तिला त्याची लाज वाटली, तरी तो बराच वेळ गेला नाही.

६

संध्याकाळी सामानघरात सगळे जमले. मालक दारात, मोतद्दार खोगिरांपाशी, चेला खिडकीजवळ, लेक भिंतीला टेकून. डॉक्टर पेटी घेऊन बाहेर ठाणापाशी थांबले होते. आत्याने कडी मधल्या लोखंडी घोड्यावर ठेवली.

“मला घोड्यांतलं कळत नाही,” तिने सुरुवात केली, “तेव्हा चुकलं तर सांगा. भोवऱ्याचा उजवा दात हलत होता. कडीला चामडंही उजवीकडेच. म्हणजे ज्याने कडी लावली, त्याला दात माहीत होता. बरोबर?”

“बरोबर,” मालक म्हणाले. “उस्तादांना माहीत होता.”

“दादाचा नियम काय होता? दात हलत असला तर कडी भिंतीवरच. महिनाभर. तुमच्याशी भांडणं झाली ती याच महिन्यांवरून ना?”

मालकांनी मान हलवली.

“मग बघा. दादाला दात माहीत असता, तर त्याने कडी लावलीच नसती. आणि माहीत नसता, तर एका बाजूला चामडं शिवलं नसतं. काहीही धरा, भोवऱ्याला कडी लावणारा माणूस दादा नव्हता.”

लेकीने तोंडावर हात धरला.

“मग दादा तिथे कशाला होता? तर तो तिथे नव्हताच. त्याला तिथे नेऊन ठेवलं. आणि तो शिंगराजवळ एकटा, दार लोटून का गेला, हे सगळ्यांना पटावं म्हणून कडी लावली. पहिली कडी तो एकट्याने लावतो हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक. कारण चोख होतं. फक्त कडी लावणाऱ्याला दुखरी हिरडीही ठाऊक होती, आणि एवढं सगळं उरकायच्या घाईतसुद्धा त्याच्याने उघडं लोखंड तिच्यावर ठेववेना. तो बसला आणि त्याने चामडं शिवलं.”

“कोण?” मालकांनी विचारलं.

“तोंडात हात घालू देतो तो तिघांना. पोरगी नव्हती. दादा नाही हे आत्ताच बघितलं.” आत्या चेल्याकडे वळली नाही. ती मोतद्दाराकडे बघून म्हणाली, “दाणा भिजवायला तुला कुणी सांगितलं?”

“चेल्यांनी,” मोतद्दार म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही बोलला नाही.

“महिनाभर ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याला मऊ खाणं हवं हे यांना कसं कळलं?”

“उष्णता होती,” चेला म्हणाला. त्याचा आवाज तसाच मऊ होता. “लांबून कळते ती. ताई, एवढ्यावरून तुम्ही माझ्यावर खापर फोडणार?”

“काका…” लेक म्हणाली.

मालक अस्वस्थ झाले. “बाई, तर्क ठीक आहे. पण पुरावा काय?”

“पुरावा नाही,” आत्या म्हणाली. “दाणा आणि चामडं. कोर्टात हसतील.”

“मग मी शिंगरू ठेवू कशाच्या जोरावर? उद्या पोलीस लाथच म्हणणार.”

“नका ठेवू. तुमचं ठरलंय तसं होऊ द्या.”

“आत्या!” लेक ओरडली. आत्याने तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

“सुई देताना डोकं कुणीतरी धरायला लागेल,” ती शांतपणे म्हणाली. “पोरीला जमणार नाही. यांनी धरावं.”

सगळे बाहेर आले. चेला ठाणात शिरला. भोवरा त्याला ओळखत होता. त्याने मान खाली घालून कपाळ त्याच्या छातीवर टेकवलं आणि त्याचा खिसा हुंगायला लागला. डॉक्टरांनी पेटी उघडली, सुई भरली, मानेवरची शीर चाचपली. भोवऱ्याची कातडी थरथरली. चेल्याने त्याच्या डोळ्यावर हात धरला.

लेक आत्याच्या हातून मनगट सोडवून घ्यायला बघत होती. आपला अंदाज चुकला तर ही पोर आपल्याला जन्मात क्षमा करणार नाही, हे आत्याला स्पष्ट दिसत होतं. तिने डॉक्टरांना थांबवलं नाही.

“काढा ती सुई,” चेला म्हणाला.

डॉक्टर थांबले.

“काढा म्हणतो ना! त्याने काही केलेलं नाही. तो इकडे ठाणात गवत खात होता. मी केलं.” त्याने शिंगराच्या डोळ्यावरचा हात काढला नाही. “त्या व्यापाऱ्याला म्हणाले, कडी लेकीची, कामही लेकीचं. माझ्यासमोर, मी चहाचा कप पुढे करत असताना. तो गेल्यावर सामानघरात मी विचारलं, उस्ताद, आणि मी? तर म्हणाले, तू चांगला चेला आहेस. एवढंच. पाठ फिरवून खोगीर पुसायला लागले. मी खांद्याला धरून त्यांना माझ्याकडे वळवलं आणि ढकललं. जोरात ढकललं. त्या लोखंडी घोड्यावर पडले. श्वास नव्हता. मग मला सुचलं ते मी केलं. मला वाटलं, अपघात म्हणतील आणि सोडून देतील. याला मारतील असं मला वाटलं नव्हतं हो.”

मालक पोलिसांना फोन करायला गेले. चेला तोवर भोवऱ्याशेजारीच बसून राहिला, आणि त्याला तिथून उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. गाडी आली तेव्हा तो आपणहून उठला. लेकीसमोर थांबला. तिने मान फिरवली नाही. तो गेला.

आता ठाणापाशी आत्या आणि भाची दोघीच उरल्या. दाराच्या आडव्या लाकडावर हनुवटी टेकून लेक आत बघत होती.

“मला घोड्यावर बसायला त्याने शिकवलं,” ती म्हणाली. “बाबा नाही. बाबांना वेळ नसायचा. पडले की तोच उचलायचा.”

“ठाऊक आहे मला.”

“मीच तुला थांबवलं ना फाटकात? मीच म्हटलं, बघ.”

“हो.”

“तू नसतं सांगितलंस तर?”

“तर हा मेला असता. आणि तो रोज सकाळी तुला विचारायला आला असता, जेवलीस का म्हणून.”

लेकीने आडव्या लाकडावरची हनुवटी उचलली. मग म्हणाली, “आत्या, मला आता कुणाशीच बोलायचं नाही. तुझ्याशीही नाही.”

“नको बोलूस,” आत्या म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले. भाऊ गेल्यापासून ती आत्ता पहिल्यांदा रडत होती, आणि कुणी बघतंय का याची तिला पर्वा नव्हती. भाचीने तिच्याकडे बघितलं नाही. फक्त थोडं बाजूला सरून दारापाशी तिला टेकायला जागा करून दिली.